पुस्तक पडद्यावर आलं, फोन मात्र गाडीवर गेला

विषय विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांच्या उपयोगी पडणाऱ्या संकेतस्थळांचा आहे, पण आम्ही सुरुवात पाण्यापासून करणार आहोत. २६ जुलै २००५. कळंबोलीत हा दिवस कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सिडकोची ही वसाहत सखल भागातली. तळमजल्याच्या घरांतून पाणी शिरलं, आणि शाळा सुरू होऊन जेमतेम दीड महिना झालेला. पुस्तकांना नुकती कव्हरं घातलेली. पाणी ओसरल्यावर जे वाळत पडलं त्यात दप्तरंही होती. पाठ्यपुस्तक भिजलं म्हणजे गेलं. दुसरं मिळेपर्यंत शेजारच्या मुलाचं मागून आणायचं.

त्या वर्षी इंटरनेट नव्हतं असं नाही. एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू होता, कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे होते. मराठी विकिपीडियाही १ मे २००३ पासून होता. अडचण वेगळीच होती. बरीच मराठी संकेतस्थळं स्वतःचा फॉन्ट वापरत. तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर 'क' च्या जागी भलतंच चिन्ह. सायबर कॅफेवाला दुसऱ्याला आपल्या मशीनवर काही टाकू देत नसे, मग पोरगं अर्ध्या तासाचे पैसे देऊन चौकटी बघून परत यायचं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. पण ती साध्या फोनवर नीट दिसेपर्यंत पुढची दोन दशकं गेली. आमच्या मते मराठी मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीचं महत्त्व कुठल्याही योजनेपेक्षा जास्त आहे. तिचं उद्घाटन झालं नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

अक्षर दिसायला लागल्यावर जुनं धन बाहेर आलं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. वीस जाडजूड खंड. घरी कोण ठेवणार? ते ग्रंथालयाच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. २०११ मध्ये विश्वकोश संकेतस्थळावर आला आणि कुलूप निघालं. शिक्षकांना आमचं सांगणं असतं की, मुलांना प्रकल्प देताना आधी तिथली नोंद वाचा. भाषा थोडी जड आहे, पण लिहिणाऱ्याला विषय कळलेला आहे.

मग बालभारती. पुण्यातली ही संस्था २७ जानेवारी १९६७ ची. तिची पाठ्यपुस्तकं आज पीडीएफ रूपात फुकट मिळतात, आणि केवळ मराठीच नाही. उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी माध्यमाचीही. कळंबोलीसारख्या गावात, जिथे लोखंड बाजारापायी चार प्रांतांची कुटुंबं एका गल्लीत राहतात, तिथे ही यादी मोलाची आहे. पालकांसाठी आणखी एक. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक तिथे आहेत. आपण लहानपणी वाचलेला अंक काढून मुलाला दाखवा. (तो पहिल्या पानावर कंटाळेल, तुम्ही मात्र तासभर हलणार नाही.)

पुस्तक आणि पडदा जोडण्याचं काम माढा तालुक्यातल्या परितेवाडीत झालं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत क्यूआर कोड बसवले. पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली. केंद्राचं 'दीक्षा' ५ सप्टेंबर २०१७ पासून आहेच. कोड टिपला की धडा हलू-बोलू लागतो.

कागदावर सगळं जुळलं होतं. मग मार्च २०२० आला. शाळा बंद, वर्ग फोनवर. पण मालवाहतूक चालूच होती, बंदरातून कंटेनर निघतच होते. ज्या घरात एकच चांगला फोन आणि तो वडिलांचा, त्या घरातला फोन पहाटे वडिलांबरोबर गाडीवर जायचा. तास सकाळी दहाला. फोन तेव्हा घाटात. धडा फुकट होता, भाषा आपली होती, अक्षरं दिसत होती, आणि मूल रिकाम्या हातानं बसलेलं. आई म्हणायची, बाबा आले की बघ. बाबा रात्री अकराला यायचे, झोपायला. याचा दोष आम्ही त्या बापाला देत नाही, त्याच फोनवर त्याला भाडं मिळत होतं.

म्हणून जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली 'टिलीमिली' आम्हाला शहाणपणाची वाटते. पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पाठांवर आधारलेली, आणि डेटा शून्य. टीव्ही गाडीवर जात नाही.

जाता जाता ट्रकवरूनच एक आठवलं. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून १९७५ मध्ये बाहेर पडले आणि पुण्यात टेल्कोत ट्रक बनवायला लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे नि काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करू लागले. त्यांच्या संकेतस्थळावर अशी शेकडो खेळणी आहेत, आणि पुस्तकं, त्यांत मराठीही पुष्कळ. फोन दहा मिनिटं हातात आला तरी पुरे. कृती बघायची, फोन परत द्यायचा, पुढचं काम हातानं.

आता कुणी विचारेल, एवढ्यांतलं पहिलं कोणतं धरायचं? आमचं मत साधं आहे: जे एकदा उतरवून ठेवता येतं ते. दीक्षावरचे पाठही उतरतात, पण व्हिडिओ जागा खातो. पुस्तकाची पीडीएफ खात नाही. वडील सुट्टीच्या दिवशी घरी असतील तेव्हा वर्षाची सगळी पुस्तकं त्यांच्या फोनवरून एखाद्या जुन्या, सिम नसलेल्या फोनमध्ये टाकून घ्या. काच तडकलेली असली तरी चालेल. आणि तो फोन माळ्यावर ठेवा, पावसाळ्यात तरी.