अधू पायांचा सारथी

'रॅली' म्हटले की आमच्या माढ्यात झेंडे, घोषणा आणि पुढाऱ्याची जीप एवढेच डोळ्यांपुढे येते. मोटारींची रॅली हे प्रकरण निराळे. तिला गोल धावपट्टी नाही की एकाच वेळी सुटणारी दहा-वीस वाहनेही नाहीत. नेहमीच्या वाहतुकीचा, नाहीतर रानातला कच्चा रस्ता घ्यायचा, एकेक मोटार थोड्या थोड्या अंतराने सोडायची, आणि ठरल्या वेळेपेक्षा जितका उशीर होईल तितके दंडगुण मांडायचे. ज्याचा दंड कमी तो जिंकला. चालकाशेजारी एक सोबती बसतो. पुढचे वळण डावे की उजवे, किती अवघड, हे तो मोठ्याने सांगत राहतो. अर्जुनाचा रथ श्रीकृष्णाने हाकला. येथे हाकणारा एक आणि वाट सांगणारा दुसरा, एवढाच फरक!

या विद्येत एका चिमुकल्या देशाने जगाला मागे टाकले, ते नवलच म्हणायचे. फिनलंडची वस्ती १९६८ साली सुमारे ४६ लाख होती. परंतु तेथील रस्ते बहुतेक खडी-मातीचे, टेकड्यांच्या उंचवट्यांवरून लाटेसारखे वरखाली होणारे. हिवाळ्यात त्यांवर बर्फ. गाडी घसरणे हा तेथे अपघात नसून रोजचा व्यवहार असतो. घसरत्या गाडीला वळणात नीट उभी करणे पोरेसोरे लहानपणीच शिकतात. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात ओल्या वाटेने भरली गाडी काढणारा गाडीवान चाबूक न उगारता जसे बैलांना तोल देतो, तसेच काहीसे ते असावे. १९५१ साली युवास्क्युला गावी सुरू झालेली 'हजार सरोवरांची रॅली' ही या मंडळींची मोठी परीक्षा.

त्या परीक्षेत १९६३ साली सिमो लँपिनेन हा वीस वर्षांचा तरुण पहिला आला. पुढल्या वर्षी, १९६४ सालीही तोच. मला या गृहस्थाबद्दल कुतूहल आहे ते या विजयांमुळे नव्हे. १९४३ साली जन्मलेल्या या मुलाला बालपणीच पोलिओ झाला होता. पोलिओची पहिली लस आली १९५५ साली. तिचा लाभ त्याच्या नशिबी नव्हता. पाय अधू राहिले ते राहिलेच.

कोणी म्हणेल, मोटार चालवायला पाय कशाला लागतात? बसूनच तर काम! हा समज खोटा आहे. लँपिनेनने ते दोन विजय मिळविले ते 'साब ९६' या स्वीडिश गाडीत. (नावाला हसू नये, ही कंपनी विमाने बांधणारी!) तिचे एंजिन तीन नळकांड्यांचे, दोन-ठोक्यांचे, पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे, आपल्या लुनाप्रमाणे. अशा एंजिनाची गती पडली की जोर संपतो आणि तो परत यायला वेळ लागतो. म्हणून वळणातही उजवा पाय गतीवरून काढायचा नाही आणि ब्रेक मात्र डाव्या पायाने दाबायचा, अशी पद्धत उत्तरेकडील चालकांनी रूढ केली. पुढच्या चाकांना ओढ आणि मागच्या चाकांना घसरण देऊन गाडी वळवायची. म्हणजे दोन्ही पाय एकाच वेळी, दोन निराळ्या कामांत, तासन् तास गुंतलेले. ज्या खेळात पायांची अशी कसोटी, तोच खेळ या मुलाने निवडला.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा उजवा पाय पोलिओने वाळलेला. गुडघ्यावर हात दाबून तो चाले. खेळाच्या दिवशी आम्ही सारी पोरे पळायला जात असू आणि मास्तर त्याला आमचे सदरे सांभाळायला बसवीत. यात कोणाला काही गैर वाटत नसे. त्यालाही वाटत नसावे, असे आम्ही धरून चालत होतो. आज तो कारखान्याला उसाचे ट्रॅक्टर नेतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडून, आणि अरुंद बांधावरून त्या मागे घ्यायच्या झाल्या की बाकीचे चालक त्यालाच हाक मारतात. पुढे मी शिक्षक झालो आणि डोसाच्या रविवारी पोरांच्या करंगळीवर शाईच्या खुणा केल्या. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. माझ्या आताच्या वर्गांत तसा पाय दिसत नाही.

आता लँपिनेनची गाठ आपल्या महाराष्ट्राशी पडते ती हकीकत. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्याने इंग्लंडची आर. ए. सी. रॅली जिंकली. तेथील जंगलातले रस्ते आधी पाहू देत नसत. वळण दिसेल तेव्हाच वाचायचे. त्याच महिन्याच्या २४ तारखेला लंडनहून सिडनीकडे ९८ मोटारी सुटल्या, आणि त्यांतल्या एका फोर्ड टाऊनसमध्ये बेल्जियमच्या गिल्बर्ट स्टापेलारेबरोबर हा बसलेला! एक मोठी शर्यत संपते न संपते तोच दहा हजार मैलांची दुसरी. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गाड्या दिल्लीला आल्या. दिल्ली ते मुंबई सुमारे ८७० मैल. वेळ मिळाला तेवीस तासांहून थोडा कमी. वाटेवर बघ्यांची ही गर्दी! पाश्चात्त्य चालकांना दऱ्याखोऱ्यांपेक्षा या गर्दीची धास्ती अधिक वाटली. आपल्या लोकांना मात्र तो फुकटचा तमाशा होता, आणि गर्दीतल्या कोणाला ठाऊक असणार की त्या धुळकट मोटारींपैकी एकीत अधू पायांचा गडी बसला आहे?

मुंबईस हिशेब झाला तेव्हा इंग्लंडचा रॉजर क्लार्क पहिला आणि स्टापेलारे-लँपिनेनची जोडी दुसरी होती. ५ डिसेंबरला 'चुसान' बोट मोटारी घेऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाली. पुढे नशीब फिरले. ऑस्ट्रेलियाच्या रानवाटांत क्लार्कही मागे पडला, ही जोडीही मागे पडली. लुसिएन बिआंकी सिडनीच्या तोंडाशी पहिला असताना समोरून आलेल्या मोटारीवर आदळला. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने शर्यत बाजूला ठेवून त्याला मदत केली, आणि तरी दुसरा आला. बक्षिसाचे दहा हजार पौंड नेले स्कॉटलंडच्या अँड्र्यू कॉवनने, ज्याचे नाव मुंबईस फारसे कोणी घेतलेही नव्हते. पाचवा आला तोही एक फिनच, राउनो आल्टोनेन.

रॅलीचे जागतिक अजिंक्यपद पुढे निघाले. ते व्हाटानेन, मिक्कोला, कांक्कुनेन, मॅकिनेन अशा फिन चालकांनी पुन्हापुन्हा नेले. १९६३ चा विजेता त्या यादीत नाही. त्याचे चांगले दिवस त्याआधी येऊन गेले होते. मात्र १९७२ साली त्याने मोरोक्कोची वाळवंटी रॅली लान्सियामधून जिंकली, आणि त्याच वर्षी घरच्या हजार सरोवरांच्या रॅलीतही तिसऱ्यांदा पहिला आला. गाडी पुन्हा साब ९६च होती. फक्त एंजिन आता चार ठोक्यांचे होते.