ऊसतोड कामगार स्त्रिया, शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांवरील विश्वास : बारामती-इंदापूरच्या संदर्भात

भाटघरच्या पाण्यावरील नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात अवर्षणग्रस्त बारामती-इंदापूर परिसरात आला आणि येथे ऊस उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथे सहकारी साखर कारखाने निघाले. समृद्धीबरोबर खासगी दवाखाने वाढले. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. मात्र बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून दरवर्षी येथे येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या आरोग्याची नोंद सहकाराच्या इतिहासात क्वचितच सापडते.

मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. स्त्री आजारी पडली की पतीचेही काम अडते आणि खाड्याचा दंड बसतो. त्यामुळे दवाखाना शेजारच्या गावात असूनही दूरच राहतो. फडात पाण्याची व आडोशाची सोय नसते, बाळंतपणानंतर विश्रांती नसते. अंगावर काढलेले दुखणे हंगाम संपल्यावर गावाकडील खासगी डॉक्टरांपुढे जाते. तेथे अनेकींना कर्करोगाची भीती दाखवून गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला गेला.

नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत देशपातळीवर हे प्रमाण ३.२ टक्के होते.

वंचित समाज अज्ञानापोटी डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही, असे सर्रास म्हटले जाते. येथील वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या स्त्रियांनी विश्वास ठेवला, कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी पुन्हा उचल घेतली. पाळी थांबली म्हणजे खाडे टळतील, हा हिशेबही त्यामागे होता. त्याला संमती म्हणावे काय, हा प्रश्न उरतो. साध्या औषधोपचाराला मुकलेल्या स्त्रीला मोठी शस्त्रक्रिया मात्र सहज उपलब्ध झाली.

अन्य राज्यांतील अशाच प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यांत रुग्णालयांवरील देखरेखीची तरतूद आहे. खाड्याच्या दंडाचा उल्लेख त्यांत नाही. तो आरोग्याचा विषय मानला गेलेला नाही.