छातीतील जळजळ आणि आहार

छातीतील जळजळ हे जठरातील आम्ल उलट दिशेने अन्ननलिकेत आल्यामुळे जाणवणारे लक्षण आहे. बोलीभाषेत यास 'पित्त होणे' किंवा 'ॲसिडिटी' म्हणतात. प्रत्यक्षात हा दाह यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसापेक्षा मुख्यतः जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे होतो. काश्यपसंहिता व माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथांत 'अम्लपित्त' या व्याधीचे वर्णन आढळते. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा होणारी जळजळ ही अन्ननलिकेच्या दीर्घकालीन विकाराचे चिन्ह असू शकते.

कारणे

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेला वर्तुळाकार स्नायू झडपेप्रमाणे काम करतो. तो अवेळी सैल पडल्यास किंवा जठरावरील दाब वाढल्यास आम्ल वर येते. स्थूलता, गर्भावस्था, तंबाखू, मद्य व एकाच वेळी भरपेट जेवण यांमुळे ही शक्यता वाढते. स्निग्ध व तळलेले पदार्थ जठरात अधिक काळ राहतात. रिकाम्या पोटी घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांमुळेही जठराच्या अस्तरास इजा होऊ शकते.

महाराष्ट्रातील आहार

जालना जिल्ह्यासह मराठवाड्यात ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, ठेचा व शेंगदाण्याची चटणी हा परिचित आहार आहे. भाकरी व साधे वरण बहुतेकांना सोसते. मिरचीतील कॅप्सेसिन मात्र आधीच दाह झालेल्या अन्ननलिकेत जळजळ वाढवते. सकाळी केवळ चहा पिऊन शेतावर जाणे आणि रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच झोपणे या सवयी विशेष त्रासदायक ठरतात. एकादशी किंवा नवरात्रातील उपवासात दिवसभर चहा आणि त्यावर तूप व शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी घेतल्यानेही अनेकांना त्रास होतो. अशा वेळी कमी तुपातील भगर व केळी हे तुलनेने सौम्य पर्याय आहेत.

आहारनियोजन

सर्वांना लागू पडणारी वर्ज्य पदार्थांची एकच यादी नाही. काही आठवडे खाल्लेले पदार्थ, जेवणाची वेळ व त्रास यांची नोंद ठेवल्यास स्वतःला न सोसणारे पदार्थ ओळखता येतात. त्यामुळे डाळ किंवा फळे सरसकट सोडून पोषणात उणीव निर्माण करण्याची गरज राहत नाही.

- दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे, ठरावीक वेळी खावे.
- रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास आधी घ्यावे.
- पलंगाची डोक्याकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. डाव्या कुशीवर झोपावे.
- वजन जास्त असल्यास ते हळूहळू कमी करावे.

थंड दुधाने तात्पुरता आराम मिळाला तरी त्यानंतर आम्लस्राव वाढू शकतो. खाण्याच्या सोड्यात सोडियम असल्याने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी तो नेहमी घेणे योग्य नाही.

वैद्यकीय सल्ला

गिळण्यास अडथळा, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे आढळल्यास केवळ पथ्यावर विसंबू नये. छातीतील दुखण्यासोबत घाम, धाप किंवा हात व जबड्याकडे जाणारी कळ असल्यास हृदयविकाराची शक्यता असते. अशा वेळी 'पित्त' समजून वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.