लेण्यांच्या भिंती काय सांगतात?

आपली मंडळी सहलीला अजिंठा, नाशिकला जातात. मूर्ती पाहतात, फोटो काढतात. पण भिंतीवर कोरलेल्या अक्षरांकडे फारसं कोणी बघत नाही. इतिहास तर तिथंच लिहिलेला आहे.

सम्राट अशोक स्वतः बौद्ध उपासक होते. तरी इ.स.पू. तिसऱ्या शतकातील आपल्या बाराव्या शिलालेखात ते सर्व पंथांचा मान राखायला सांगतात. वाणीवर संयम ठेवा. जो स्वतःच्या पंथाचे गोडवे गातो व दुसऱ्याची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असा त्याचा आशय आहे.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. दिग्रस-पुसदवरून वाशीम काही फार लांब नाही. हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. हे राजे वैदिक परंपरेचे. १९३९ साली उजेडात आलेल्या वाशीम ताम्रपटात विंध्यशक्ती दुसरा याने ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद आहे. पण त्याच घराण्यातील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खुसंघाला अर्पण केले. तिथल्या लेखात वाकाटकांची वंशावळही आहे.

नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी तिने हे लेणे भद्रयानीय भिक्खूंना दिले. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला 'एकब्राह्मण' म्हटले आहे. ब्राह्मणपणाचा अभिमान, अन् दान भिक्खूंना! वाचून बरं वाटतं.

पण थांबा, याच लेखात आणखी एक गोष्ट आहे. सातकर्णीने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, हीसुद्धा त्याची थोरवी म्हणूनच कोरली आहे. म्हणजे भिक्खूंना लेणे मिळाले, पण वर्णाची भिंत तशीच राहिली.

तेव्हा सहिष्णुता आणि समता एक नव्हे, हे ध्यानात घ्यावे. राजा उदार असला तर दान मिळे; तो काही हक्क नव्हता. हक्क दिला तो संविधानाने. कलम २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले अन् कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, हे आपण जाणतोच.

आपल्या आर्णीत बाबा कंबलपोष यांच्या यात्रेत सगळ्या धर्मांची माणसं खांद्याला खांदा लावून फिरतात. हा मोठा ठेवा आहे. तो जपू या. पण मुलांना लेणी दाखवताना दोन्ही ओळी वाचून दाखवू या, दानाची आणि वर्णाचीही.

भवतु सब्ब मंगलं!