परक्या नगरीचा विजयवीर : बिल रसेल

जन्मभूमीपासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींना एक प्रश्न अधूनमधून छळतो : ज्या नगरीत आपण कष्ट वेचतो, ती नगरी आपली केव्हा होते? अमेरिकन बास्केटबॉलपटू बिल रसेल याच्या चरित्रात या प्रश्नाचे एक कठोर, पण तेजस्वी उत्तर आम्हांस सापडते.

रसेल १२ फेब्रुवारी १९३४ रोजी लुइझियाना राज्यातील मन्रो या गावी जन्मला. दक्षिणेतील वर्णभेदाचा जाच असह्य होऊन त्याचे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे आले. तेथे बाराव्या वर्षी त्याचे मातृछत्र हरपले. शाळेच्या संघात तो विशेष चमकला नव्हता. तथापि सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला त्याने १९५५ व १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. १९५६ सालीच मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकून तो बॉस्टन सेल्टिक्स संघात दाखल झाला.

पुढील १३ हंगामांत या संघाने ११ अजिंक्यपदे पटकावली. रसेलचे सामर्थ्य गुणांच्या राशीत नव्हते, ते बचावात होते. अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजी तो हलकेच आपल्या सहकाऱ्याकडे वळवी आणि त्यातूनच प्रतिहल्ला सुरू होई. स्वतःच्या कीर्तीपेक्षा संघाचा विजय त्याने मोठा मानला. १९६६ साली संघाचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले. त्या व्यावसायिक स्पर्धेतील तो पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक होय. खेळत राहून त्याने १९६८ व १९६९ साली पुन्हा अजिंक्यपद खेचून आणले.

परंतु मैदानावरील जयजयकार घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला नाही. बॉस्टननजीक रेडिंग येथील त्याच्या घरात समाजकंटकांनी घुसून नासधूस केली आणि भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या. १९६१ साली केंटकीतील लेक्सिंग्टन येथे कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना उपाहारगृहात अन्न नाकारण्यात आले, तेव्हा रसेल व त्याचे सोबती सामना न खेळताच परतले. १९७२ साली बॉस्टनने त्याचा ६ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. तो विधी प्रेक्षकांविना, मोजक्या सहकाऱ्यांपुरताच व्हावा, असा आग्रह त्याने धरला. जिंकले ते सहकाऱ्यांसाठी, नगरीच्या मेहरबानीसाठी नव्हे, असाच त्या आग्रहाचा अर्थ आम्ही लावतो.

काळ पालटला. १९९९ साली त्याच नगरीत हजारो प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यास स्वातंत्र्यपदक प्राप्त झाले. २०१३ साली बॉस्टनमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. ३१ जुलै २०२२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी तो निवर्तला.

नगरीला त्याच्यापाशी यावयास पुष्कळ वर्षे लागली; तोवर रसेलने आपले काम चोख केले, पण मान कधी झुकविली नाही. परमुलखात घर मांडणाऱ्या आम्हांस यापरते मोठे शिदोरीचे बोल कोणते?