वायू विद्युत केंद्राची देखभाल : थांबलेल्या यंत्राचाही खर्च असतो

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीच्या परिसराला वीजनिर्मिती नवी नाही. गावापासून जवळच भीमेवरचे उजनी धरण असून त्याच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. आसपासच्या साखर कारखान्यांपैकी अनेकांनी बगॅसवर चालणारे सहवीज प्रकल्प उभारले आहेत. उजनीच्याच पाण्यावर सोलापूरजवळ एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प चालतो. या यादीत नाही तो फक्त नैसर्गिक वायू. राज्यातील वायूवरील मोठी केंद्रे उरण, दाभोळ आणि ट्रॉम्बे अशी किनाऱ्यालगतच आहेत, कारण हा वायू मुंबई हायच्या समुद्रतळातून नळाने येतो किंवा परदेशातून द्रवरूपात जहाजाने येतो. तथापि वीजजाळे एकच असल्याने टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचा संबंध दाभोळच्या टर्बाइनशी येतोच. वायू केंद्र चालविणे आणि निगुतीने राखणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर साखरपट्ट्यातील माणसाला त्याच्या ओळखीच्या सहवीज प्रकल्पापासून सुरुवात करणे सोपे जाईल.

साखर कारखान्याचे वर्ष ठरलेले असते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी टाकून गाळप सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हंगाम संपतो. त्यानंतर ऑफ सिझनमध्ये टर्बाइन उघडायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, पंप आणि बेअरिंगे बदलायची. देखभालीला निसर्गानेच सुटी दिलेली असते. वायू केंद्राच्या व्यवस्थापकाला अशी सुटी नसते. तेथे यंत्र कधी उघडायचे हे पंचांगावर ठरत नाही. यंत्र किती तास चालले आणि किती वेळा सुरू झाले, यावर ठरते. आणि हे दोन्ही आकडे बहुधा त्याच्या हातात नसतात. ते वायूचा पुरवठा आणि भारप्रेषण केंद्राचा आदेश यांच्या हातात असतात. या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

वायू टर्बाइनची रचना तत्त्वतः साधी आहे. बाहेरची हवा गाळून आत घेतली जाते, कॉम्प्रेसर तिचा दाब पंधरापट किंवा त्याहून अधिक वाढवितो, ज्वलनकक्षात तीत वायू मिसळून पेटविला जातो आणि तापलेले वायू पात्यांवर आदळून चाक फिरवितात. गंमत अशी की, टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक शक्ती स्वतःचाच कॉम्प्रेसर फिरविण्यात खर्च होते. उरलेल्या शक्तीवर जनित्र चालते. बाहेर पडणारा धूर अजूनही साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसचा असतो. तो वाया न घालविता बॉयलरकडे नेऊन वाफ तयार केली आणि तिच्यावर दुसरे टर्बाइन चालविले, तर त्याला संयुक्त चक्र म्हणतात. एकट्या वायू टर्बाइनची कार्यक्षमता साधारण पस्तीस टक्क्यांच्या आसपास राहते. संयुक्त चक्रात ती पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते. महानिर्मितीच्या उरण केंद्रात १०८ मेगावॉटचे चार वायू संच आणि त्यांच्या धुरावर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच, अशी ६७२ मेगावॉटची रचना करण्यात आली. म्हणजे त्यातील २४० मेगावॉटसाठी वेगळा वायू जाळावा लागत नाही.

यंत्राचा नाजूक भाग म्हणजे ज्वलनकक्ष आणि त्यानंतरची पहिली पाती. दाभोळला आहेत तशा मोठ्या आधुनिक टर्बाइनमध्ये पात्यांवर येणारा वायू तेराशे अंशांच्या घरात असतो. निकेलच्या मिश्रधातूलाही हे तापमान फार काळ सोसत नाही. म्हणून पाती आतून पोकळ ठेवून त्यांतून कॉम्प्रेसरचीच हवा खेळविली जाते आणि पृष्ठभागावर संरक्षक लेप दिला जातो. सतत चालल्याने धातू हळूहळू ताणला जातो. वारंवार चालू-बंद केल्याने तो तापून-निवून तडकतो. ही झीज दोन वेगळ्या वाटांनी होते, म्हणून तिचे मापही दोन पट्ट्यांवर ठेवावे लागते. मोठ्या टर्बाइनसाठी प्रचलित असलेला ढोबळ क्रम असा : सुमारे आठ हजार तासांनी ज्वलनकक्षाची तपासणी, चोवीस हजार तासांनी उष्ण वायूच्या मार्गातील भागांची तपासणी आणि अठ्ठेचाळीस हजार तासांनी संपूर्ण यंत्र उघडून मोठी दुरुस्ती. याच तीन टप्प्यांसाठी स्टार्टच्या संख्येचीही मर्यादा असते आणि जी आधी गाठली जाईल ती लागू होते. काही उत्पादक प्रत्येक स्टार्टचे तासांत रूपांतर करून एकच हिशेब मांडतात.

या हिशेबात सर्वांत महाग नोंद ट्रिपची असते. पूर्ण भारावर चालणारे यंत्र अचानक बंद पडले, तर उष्ण भागांना बसणारा धक्का एका उत्पादकाच्या निकषानुसार साधारण आठ सामान्य स्टार्टइतका धरला जातो. एखाद्या साध्या सेन्सरने खोटा इशारा दिला आणि यंत्र ट्रिप झाले, तर अर्ध्या तासात ते पुन्हा सुरू होईलही, परंतु पात्यांच्या आयुष्यातून आठ स्टार्ट वजा झालेले असतात. चांगल्या केंद्रात म्हणूनच मोठ्या यंत्राइतकेच लक्ष थर्मोकपल, ज्योत पाहणारे स्कॅनर आणि कंट्रोल पॅनेलमधील जोडण्या यांच्याकडे दिले जाते. कामगारांना हे कंटाळवाणे वाटते, पण पैसा वाचतो तो येथेच.

रोजच्या कामात हवेचे स्थान वायूइतकेच महत्त्वाचे आहे. गाळण्या चुकवून आत गेलेली धूळ आणि किनाऱ्यावरचे क्षार कॉम्प्रेसरच्या पात्यांवर साचतात. मग तीच वीज काढायला अधिक वायू जाळावा लागतो. त्यासाठी यंत्र चालू असताना हलकी आणि बंद करून थंड झाल्यावर पूर्ण धुलाई करतात. धुलाईसाठी यंत्र किती वेळ थांबवायचे आणि घटलेली कार्यक्षमता किती दिवस सोसायची, हा निर्णय निव्वळ तांत्रिक नसून त्या दिवसाच्या वायूच्या दराशी बांधलेला असतो. बोरोस्कोप नावाची बारीक दुर्बीण छिद्रातून आत सरकवून, आवरण न उघडताच, पात्यांवरील तडे पाहता येतात. धुराच्या मार्गात वर्तुळाकार बसविलेल्या थर्मोकपलांपैकी एका बाजूचे तापमान इतरांपेक्षा निराळे दिसू लागले, तर बहुधा एखादा बर्नर तुंबलेला किंवा फुटलेला असतो. पाळी बदलताना नोंदवहीत हा फरक लिहिला गेला की नाही, यावर पुढच्या महिन्याचा शटडाऊन छोटा होईल की मोठा, हे अवलंबून राहते.

हे सर्व चालणाऱ्या यंत्राविषयी झाले. महाराष्ट्राचा अनुभव मात्र मुख्यतः थांबलेल्या यंत्रांचा आहे. दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला आणि पुढे फेरवाटाघाटी झाल्या. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. विजेचा दर आणि थकबाकीच्या वादात २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. राजकीय कहाणी वाचकांना ठाऊक आहे. तिच्याआड एक तांत्रिक कहाणी होती, जिची चर्चा फारशी झाली नाही : कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत अब्जावधी रुपयांची यंत्रसामग्री पाच वर्षे उभी होती. दुसरा टप्पा तर बांधकाम जवळजवळ पुरे होत आलेले असतानाच थांबला होता.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि २००६ मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. प्रत्येकी दोन वायू टर्बाइन आणि एक वाफेचे टर्बाइन असे तीन संच मिळून क्षमता १९६७ मेगावॉट ठरली. परंतु पुनरुज्जीवनानंतरच्या पहिल्या काही वर्षांत टर्बाइनमधील बिघाडांनी निर्मिती वारंवार खंडित केली. ती सावरत असतानाच इंधनाचा प्रश्न उभा राहिला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू २००९ पासून मिळू लागला, त्या खोऱ्यातील उत्पादन घटत गेले आणि २०१३ मध्ये केंद्र पुन्हा थंड झाले. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला ५०० मेगावॉट वीज देण्याच्या निमित्ताने त्याचा एक भाग परत सुरू झाला. संयुक्त चक्रात हजार मेगावॉटसाठी दिवसाला साधारण साडेचार ते पाच दशलक्ष घनमीटर वायू लागतो, हा ठोकताळा लक्षात घेतला, तर दाभोळ पूर्ण क्षमतेने चालविणे किती दुष्कर आहे, याची कल्पना येईल.

बंद यंत्र राखणे हे चालू यंत्र राखण्यापेक्षा सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते अधिक चिवट काम आहे. यंत्र थांबविल्यावर जड रोटर स्वतःच्या वजनाने आणि असमान थंड होण्याने वाकू नये म्हणून तो कित्येक तास मंद गतीने फिरवत ठेवावा लागतो. दीर्घ बंदीतही ठरावीक काळाने फिरवावा लागतो. बॉयलरच्या नळ्यांत पाणी आणि हवा एकत्र राहिली की गंज धरतो, म्हणून त्या कोरड्या करून सुकी हवा खेळवितात किंवा नायट्रोजन भरून ठेवतात. वंगणतेलातील ओलावा काढावा लागतो, जनित्राच्या वेटोळ्यांना ऊब द्यावी लागते, बॅटऱ्या भारित ठेवाव्या लागतात. यासाठी माणसे, वीज आणि पैसा लागतो, आणि त्या काळात उत्पन्न शून्य असते. मग एका संचाचा सुटा भाग काढून दुसऱ्याला लावण्याचा मोह होतो. परदेशातून येणाऱ्या पात्यांची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, हे खरे. पण नोंद न ठेवता केलेली अशी उसनवारी पुढे केंद्र सुरू करताना सर्वांत जास्त छळते. कोणते पाते किती तास चालले, हेच कोणाला सांगता येत नाही. माणसांचेही तसेच आहे. दोन वर्षांत एकदाही यंत्र सुरू न केलेला ऑपरेटर आणीबाणीत काय करील, याची खात्री नोंदवहीत मिळत नाही.

थांबलेल्या केंद्राचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. वीजदराचे दोन भाग असतात. चल आकार इंधनाचा. वीज घेतली तरच तो द्यायचा. स्थिर आकार कर्जफेड, कर्मचारी आणि देखभालीचा; केंद्र वीज देण्यास सज्ज असल्याचे जाहीर झाले की तो द्यायचा, वीज घेतलेली असो वा नसो. देशी वायू घटल्यावर रत्नागिरी गॅसने आयात केलेल्या महाग वायूच्या आधारे आपली सज्जता जाहीर केली. त्या वायूला आपली संमती नव्हती, असे म्हणत महावितरणने स्थिर आकार नाकारला. केंद्रीय वीज नियामक आयोग आणि अपीलीय न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. न वापरलेल्या विजेचे पैसे ग्राहकाने का द्यावेत, हा सवाल स्वाभाविक आहे, आणि दाभोळच्या इतिहासात तो रास्तही ठरला होता. मात्र सज्जतेचे मोल नाकारले, तर पहिली कात्री देखभालीलाच लागते, हेही तितकेच खरे.

त्या कात्रीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. वायू केंद्रात सर्वांना भीती असते ती वायूगळतीची. पेटविण्यापूर्वी हवा सोडून आतील उरलासुरला वायू बाहेर काढणे, गळती शोधणारी उपकरणे, लेखी परमिटाशिवाय वेल्डिंगला मनाई हे नियम तीतूनच आले. टर्बाइनच्या खोलीत आग विझविण्यासाठी कार्बन डायऑक्साइड सोडण्याची व्यवस्था असते. तोच वायू आत अडकलेल्या माणसाला गुदमरवू शकतो, म्हणून आत शिरण्यापूर्वी ती कुलूपबंद करावी लागते. पण वाफेची बाजूही तितकीच घातक आहे. उच्च दाबाखालचे तापलेले पाणी वाट मिळताच क्षणार्धात वाफ होऊन फुटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये उरणच्या केंद्रात बॉयलरच्या यंत्रणेत झालेल्या स्फोटात तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले.

आता या केंद्रांकडून अपेक्षा बदलत आहे. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या योजना सोलापूरसारख्या जिल्ह्यात विस्तारत आहेत. सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि नेमकी तेव्हाच घरांची, दुकानांची मागणी चढते. ती पोकळी झटपट भरून काढण्यास जलविद्युतखालोखाल वायू टर्बाइन सोयीचे, कारण ते एकटे अर्ध्या तासाच्या आत भार घेऊ शकते. मात्र रोज संध्याकाळी सुरू आणि रात्री बंद म्हणजे वर्षाला तीनशेहून अधिक स्टार्ट. तासांचा आकडा कमी दिसत असताना स्टार्टची मर्यादा दोन-तीन वर्षांतच पुढ्यात येऊन ठेपते. चोवीस तास चालण्यासाठी केलेले जुने देखभाल करार आणि अर्थसंकल्प अशा वापराला पुरत नाहीत.

२०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने विद्युत कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन १ मे ते ३० जून या काळात वायू केंद्रांना चालण्यास सज्ज राहण्याचे आदेश दिले. वीज कोणत्या दिवसांत लागेल, हे केंद्रांना आगाऊ कळविण्याची जबाबदारी ग्रिड-इंडियावर होती, जेणेकरून वायूची खरेदी करता यावी. वायू सौदा करून मिळतो. बॉयलरमधला नायट्रोजन काढणे, वाल्व्ह हलवून पाहणे, संरक्षण यंत्रणेची प्रत्येक साखळी तपासणे आणि यंत्र एकदा रिकामे फिरवून त्याचे कंपन मोजणे, ही कामे मात्र त्याच मोजक्या दिवसांत आणि ज्या केंद्रात माणसे टिकून होती, तेथेच होऊ शकतात.