शैलीपत्रकांची न्याहाळक-सुसंगतता

शैलीपत्रकांची न्याहाळक-सुसंगतता म्हणजे एकच शैलीपत्रक निरनिराळ्या न्याहाळकांत, अर्थात ब्राउझरांत, शक्य तितके सारखे आणि निदान वाचनीय दिसावे यासाठी संकेतस्थळाच्या रचनाकाराने घ्यावयाची दक्षता होय. पानाचा मजकूर एचटीएमएल या भाषेत असतो. अक्षरांचा आकार, रंग, समास, स्तंभ इत्यादी गोष्टी सीएसएस या शैलीपत्रकांच्या भाषेत सांगितलेल्या असतात. त्या सूचना अमलात आणण्याचे काम न्याहाळकातील आरेखन-यंत्रणा करते. संगणकावरील क्रोम व एज यांत ब्लिंक, सफारीत वेबकिट आणि फायरफॉक्समध्ये गेको ही यंत्रणा आहे. मानक एक, पण त्याचा अर्थ लावणारे अनेक, हेच तफावतीचे मूळ आहे.

इतिहास

होकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न या संस्थेत असताना शैलीपत्रकांचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. सीएसएसची पहिली पातळी डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. मात्र त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, इंटरनेट एक्सप्लोररची तिसरी आवृत्ती शैलीपत्रकांच्या अर्धवट अंमलबजावणीसह बाजारात आली होती. नियम पक्के होण्याआधी खेळ सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या काळातील सर्वांत गाजलेला मतभेद चौकटीच्या रुंदीचा होता. एखाद्या चौकटीची रुंदी २०० पिक्सेल, आतील मोकळी जागा दोन्ही बाजूंस २० आणि कडा ५ पिक्सेल सांगितली, तर मानकानुसार २०० ही केवळ मजकुराची रुंदी ठरते. चौकट एकूण २५० पिक्सेल जागा घेते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र २०० हीच संपूर्ण चौकटीची रुंदी मानून मजकुरास १५० पिक्सेल ठेवत असे. परिणामी एका न्याहाळकात शेजारी शेजारी बसणारे दोन स्तंभ दुसऱ्यात मावत नसत आणि उजवा स्तंभ खाली घसरे.

दुरुस्ती करावी तर जुन्या समजुतीवर बेतलेली असंख्य पाने मोडणार, असा पेच होता. मॅकसाठीच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने २००० साली त्यावर तोड काढली: पानाच्या आरंभी योग्य डॉकटाइप घोषणा असेल तर मानकानुसार वागावे, अन्यथा जुन्या रीतीने. ही दुसरी रीत ‘क्वर्क्स मोड’ म्हणून ओळखली जाते व ती आजही सर्व प्रमुख न्याहाळकांत जिवंत आहे. गंमत अशी, की रुंदी मोजण्याची जी पद्धत चूक म्हणून हिणवली गेली, तीच आज अनेक रचनाकार ‘बॉक्स-सायझिंग’ या गुणधर्माने शैलीपत्रकाच्या पहिल्याच ओळींत मागून घेतात.

उपसर्गांचा प्रयोग

प्रायोगिक गुणधर्मांच्या नावाआधी ‘-वेबकिट-’, ‘-मोझ-’, ‘-एमएस-’ किंवा ‘-ओ-’ असे उपसर्ग लावण्याची प्रथा पुढे पडली. हेतू चांगला होता. गुणधर्म कच्चा असल्याची ती खूण होती. परंतु रचनाकारांनी ही खूण इशारा म्हणून न घेता कायमची सोय म्हणून वापरली. मोबाइलवर वेबकिटचा प्रभाव वाढल्यावर अनेक पानांत केवळ त्याचाच उपसर्ग लिहिला जाऊ लागला व इतर न्याहाळकांत ती पाने विद्रूप दिसू लागली. अखेर ऑपेराने २०१२ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१६ मध्ये परक्या उपसर्गांपैकी काही स्वतःच स्वीकारले.

प्रचलित पद्धती

सीएसएसच्या व्याकरणातच एक उदार नियम आहे: न्याहाळकाने न समजलेली घोषणा सोडून द्यावी व पुढे वाचत राहावे. म्हणून जुनी घोषणा आधी आणि नवी नंतर लिहितात. उदाहरणार्थ, चौकटीची उंची प्रथम ‘१०० व्हीएच’ व त्याखाली ‘१०० डीव्हीएच’ अशी दिली, तर नवे न्याहाळक दुसरी ओळ पाळतात आणि जुने पहिलीवर थांबतात. क्रम उलटा झाल्यास हा लाभ नाहीसा होतो, कारण दोन्ही ओळी समजणारा न्याहाळकही शेवटचीच ग्राह्य मानतो. एखाद्या गुणधर्मावर अनेक नियम अवलंबून असतील तेव्हा ‘@सपोर्ट्स’ हा शर्तनियम वापरतात.

न्याहाळकाचे नाव ओळखून वेगळे शैलीपत्रक देण्याची जुनी रीत मात्र टाळलेली बरी. न्याहाळक आपली ओळख सांगताना इतरांची नावेही त्यात गुंफतात, शिवाय नावावरून क्षमता कळत नाही. कोणता गुणधर्म कोठे चालतो हे पाहण्यासाठी ‘कॅन आय यूज’ हे संकेतस्थळ उपयोगी आहे. तरीही प्रत्यक्ष उपकरणावरील चाचणीला पर्याय नाही.

देवनागरी मजकूर

युनिकोड रुळण्यापूर्वी भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळे स्वतःच्या खास टंकांवर अवलंबून होती. त्यांपैकी काही तो टंक ईओटी स्वरूपात पानासोबत पाठवीत. ते स्वरूप इंटरनेट एक्सप्लोररपुरतेच असल्याने अन्य न्याहाळकांत वाचकासमोर निरर्थक चिन्हे येत. येथे प्रश्न सौंदर्याचा नव्हता, मजकूरच हरवत होता.

आज हा अडथळा दूर झाला असला, तरी परिच्छेदाचे आद्याक्षर मोठे करणाऱ्या ‘फर्स्ट-लेटर’ या निवडकाबाबत जपून राहावे लागते. ‘स्त्री’ हे मराठी वाचकास एक अक्षर आहे. युनिकोडच्या पूर्वीच्या विभाजन-नियमानुसार मात्र त्याचे ‘स्’, ‘त्’ व ‘री’ असे तीन तुकडे पडत. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत आला. जुन्या न्याहाळकांना तो ठाऊक नाही. ‘लेटर-स्पेसिंग’ने अक्षरांत अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते, तेव्हा इंग्रजी शीर्षकांसाठीचा तो नियम मराठी शीर्षकांवर शून्य करून ठेवावा.